मोटारहोम हवी तेथे उभी करता येत नाही

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या उन्हाळी पर्यटन पुरवणीत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून मोटारहोमने, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारीने, फिरण्याविषयी आलेल्या लेखाचे कात्रण माझ्या थोरल्या नणंदबाईंनी जूनमध्ये सांगलीहून येताना मुद्दाम सोबत आणले होते. तो लेख वाचून त्यांना या सहलीची ओढ लागली आणि त्यामुळे आम्हा चौघांचे चार रात्रींचे जाणे घडले, याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. मात्र लेखातील एका वाक्यासाठी हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटते. संध्याकाळ झाली की नदीकाठी किंवा माळावर, मन रमेल तेथे गाडी उभी करून मुक्काम करावा, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. इंग्लंडमध्ये तसे करता येत नाही. मी वीस वर्षांहून अधिक काळ लेस्टरमध्ये राहते आणि गेली सात वर्षे आम्ही दर उन्हाळ्यात चार-पाच दिवसांसाठी मोटारहोम भाड्याने घेतो. पहिल्याच वर्षी आमच्या हातून नेमकी ही चूक झाली होती.

राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा येते, म्हणजे वनखात्याची जमीन, प्रवेशद्वार आणि आत जंगल. इंग्लंडमधील राष्ट्रीय उद्यान वेगळे असते. पीक डिस्ट्रिक्ट हे १७ एप्रिल १९५१ रोजी घोषित झालेले या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान, पण त्यात गावे आहेत, शाळा आहेत, दगडाच्या खाणी आहेत आणि दुभत्या गाई व मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांची कुरणे आहेत. जे रान मोकळे दिसते त्यालाही मालक असतो आणि त्याच्या परवानगीवाचून तेथे मोटारीत मुक्काम करण्याचा हक्क कोणालाही नाही. रस्त्याच्या कडेला थांबण्यासाठी जी जागा काढलेली असते, जिला येथे ले-बाय म्हणतात, तीही विसाव्यासाठी असते, रात्रीच्या बिऱ्हाडासाठी नव्हे. स्थानिक परिषदांच्या अनेक वाहनतळांवर रात्री गाडीत झोपण्यास मनाई असल्याची पाटी लावलेली असते. नैर्ऋत्य इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून राहण्याचा हक्क मे २०२५ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, ही बातमी वाचून काही जणांचा गैरसमज झाला असेल, पण तो हक्क पायी किंवा घोड्यावरून येणाऱ्याचा आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने रानावनात वावरण्याची पुष्कळ मोकळीक दिली, पण तीसुद्धा मोटारवाहनांना लागू नाही.

आमची चूक सांगते. सात वर्षांपूर्वी जूनच्याच एका संध्याकाळी डर्बीशर परगण्यातील अरुंद रस्त्यावर आम्हाला एक मोकळी जागा दिसली. मागे दगडी भिंत, समोर उतरती कुरणे, आणि साडेनऊ वाजून गेले तरी आकाशात उजेड. आम्ही गाडी लावली, जेवलो आणि पडदे ओढून झोपलो. रात्री अकराच्या सुमारास दारावर थाप पडली. बाहेर ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्यामागे गवताने भरलेली ट्रॉली. आम्हाला जे भिंतीतील खिंडार वाटले होते ते शेताचे फाटक होते आणि आमची गाडी बरोबर त्याच्यासमोर होती. मुरघासासाठी, म्हणजे गुरांसाठी आंबवून साठवायच्या चाऱ्यासाठी, कापलेले गवत पावसाच्या आत आणून दाबून झाकावे लागते. पहाटे पावसाचा अंदाज होता आणि तो शेतकरी व त्याचा मुलगा दुपारपासून त्यासाठी धावत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. आम्ही पलंग आवरून, गॅस बंद करून, भांडीकुंडी जागेवर ठेवून गाडी हलवेपर्यंत वीस मिनिटे ते दोघे ट्रॅक्टरचे दिवे लावून थांबून राहिले. ती वीस मिनिटे मी अजून विसरलेले नाही. आपल्या हजारो वाचकांपैकी एखादे कुटुंब ते वाक्य वाचून अशाच एखाद्या फाटकापुढे झोपेल, ही काळजी मला या पत्रापर्यंत घेऊन आली आहे.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात मोकळेपणा नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. मोकळेपणा भरपूर आहे, पण तो पायांना आहे, चाकांना नाही. तो सहज मिळालेलाही नाही. याच पीक डिस्ट्रिक्टमधील किंडर स्काउट या पठारावर पूर्वी शिकारीसाठी राखलेल्या माळावर चालायलाही बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि आसपासच्या भागांतील शेकडो कामगार तरुण बेनी रॉथमन यांच्या पुढाकाराने ती बंदी मोडून वर चढले आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नकाशांवर नोंद होऊ लागली आणि २००० च्या कायद्याने डोंगर व माळरानांवर पायी हिंडण्याचा हक्क मिळाला. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे १,४०,००० मैलांच्या सार्वजनिक वाटा आहेत. त्या खासगी शेतातून, गोठ्याच्या अंगणातून, कधी उभ्या पिकातूनही जातात आणि मालकाला त्या अडवता येत नाहीत. खांबावरचा पिवळा बाण पायी चालणाऱ्यांची वाट दाखवतो, तर निळ्या बाणाच्या वाटेने घोडेस्वार आणि सायकलस्वारही जाऊ शकतात. चालणाऱ्याने एवढेच करायचे असते, की फाटक जसे असेल तसे, म्हणजे उघडे असल्यास उघडे आणि बंद असल्यास बंद ठेवायचे आणि गाई-वासरांच्या मधून जायचे नाही.

मग गाडी उभी करायची कोठे, याचे उत्तर १९६० च्या एका कायद्यात आहे आणि पर्यटनलेखांत ते क्वचितच येते. कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या किंवा स्वतः चालणाऱ्या चाकांवरच्या घरांच्या, तळासाठी एरवी नियोजन परवानगी आणि स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. परंतु या कायद्याने मान्यताप्राप्त संस्थांना अशी मुभा दिली, की त्यांनी प्रमाणित केलेल्या छोट्या जागेवर एका वेळी जास्तीत जास्त पाच गाड्या त्या परवान्याशिवाय उतरू शकतील. १९०१ मध्ये स्थापन झालेला कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब आणि १९०७ मध्ये स्थापन झालेला, आता कॅरॅव्हॅन अँड मोटारहोम क्लब म्हणून ओळखला जाणारा क्लब या दोन संस्थांनी या तरतुदीवर देशभर छोट्या तळांचे जाळे विणले. दुसऱ्या क्लबचेच असे दोन हजारांहून अधिक तळ आहेत. त्यांतील पुष्कळ तळ शेतकऱ्याच्या घरामागच्या एखाद्या कुरणात असतात. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची जागा तेथे असावीच लागते. वीज आणि स्नानगृह मात्र प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. हे तळ सभासदांसाठी असतात, म्हणून सहलीआधी वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हावे लागते. पाचाची ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. पाच गाड्यांनी शेत शेतच राहते, गावच्या अरुंद रस्त्यावर कोंडी होत नाही आणि शेतकऱ्याच्या घरात चार पैसे येतात.

यंदा आम्ही पीक डिस्ट्रिक्टमधील बेकवेल या गावापासून काही मैलांवरील अशाच एका शेतावर चारही रात्री काढल्या. लेस्टरहून ए-६ हा रस्ताच डर्बी, मॅटलॉक करत बेकवेलला जातो. अंतर साठ मैलांच्या आसपास. लेखात सुचवलेला आठ दिवसांत सात परगण्यांचा बेत मी नणंदबाईंना मोडायला लावला, कारण मोटारहोम रोज हलवायची म्हणजे रोज विजेची वायर गुंडाळायची, पाणी सोडायचे, कपाटे लावायची आणि नव्या जागी चाकांखाली पाचरी सरकवून गाडी पुन्हा समतल करायची. साठी उलटलेल्या चार माणसांची सहल त्यातच संपून गेली असती. एकदा गाडी कुरणात लावली आणि निळ्या प्लगची वायर जोडली, की ते आपले घर. बाकी सारे पायी आणि बसने.

नणंदबाईंचे यजमान वाळवा तालुक्यात ऊस करतात आणि त्यांच्या गोठ्यात आठ दुभती जनावरे आहेत. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही. पहिल्या संध्याकाळी गोठ्यामागे काळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेला आणि जुने टायर ठेवून दाबलेला ढीग पाहून ते लगेच म्हणाले, "हा मुरघास आहे." मग शेतकरीणबाईंशी त्यांचे जे बोलणे सुरू झाले, त्यात दुभाषी म्हणून मला अर्धा तास उभे राहावे लागले. गवताची कितवी कापणी, गाईला दिवसाला किती, दुधाला भाव काय, मुले शेती करणार का. त्या बाईंनी सांगितले, की दुधाच्या भावाचा भरवसा नसतो, पण कुरणातील पाच गाड्यांचे पैसे उन्हाळाभर ठरल्याप्रमाणे येतात. आमच्या जागेचे एका रात्रीचे भाडे १८ पौंड होते. फाटकाजवळच्या लाकडी खोक्यात अंडी आणि शेजारी पैसे टाकायची पेटी. पाहायला कोणी नसे. चारही दिवस न्याहारीला तीच अंडी होती. लांबवर पसरलेल्या दगडी भिंती पाहून, चुन्यामातीशिवाय रचलेला आपल्याकडचा गडगाच हा, असे पाहुण्यांनी ओळखले आणि एक ढासळलेला कोपरा दिसला तेव्हा दगड कसा बसवला असता हेही हाताने दाखवले. पुढे सहलीची छायाचित्रे पाहताना त्यांनी सर्वांत जास्त वेळ त्या भिंतींच्याच छायाचित्रांवर काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॉन्सल ट्रेलवर चाललो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून चांगली वाट मला ठाऊक नाही, कारण ती मुळात रेल्वेमार्ग आहे आणि रेल्वेला चढ चालत नसतो. १९६८ मध्ये बंद झालेल्या या मार्गाच्या साडेआठ मैलांवर आता पायी आणि सायकलने जाता येते. त्यातील मोठे बोगदे २०११ मध्ये दिवे लावून पुन्हा खुले झाले. आम्ही फक्त तीन मैल गेलो. हेडस्टोनच्या उंच पुलावर उभे राहिले की खाली वाय नदीचे वळण दिसते, तेथे नणंदबाई कठड्याला टेकून बराच वेळ काही न बोलता उभ्या होत्या.

जूनअखेर गेल्याचा एक मोठा लाभ असा, की विहिरी आणि झरे सजवण्याची डर्बीशरची प्रथा पाहायला मिळाली. यूलग्रीव्ह या गावात २४ जूनच्या सुमारास हा सोहळा असतो. लाकडी फळ्या पाण्यात भिजवून त्यांवर मीठ मिसळलेल्या ओल्या मातीचा थर देतात, चित्राच्या रेषा टोचून उमटवतात आणि मग फुलांच्या पाकळ्या, शेवाळ, पाने, बिया एकेक करून मातीत दाबून बसवतात. तयार झालेले चित्र गावच्या पाण्याच्या जागी उभे करतात आणि माती सुकेपर्यंत, म्हणजे जेमतेम आठवडाभर, ते टिकते. गावातील बायामाणसे त्यासाठी रात्री जागवतात. दिवाळीत अंगणात फुलांची रांगोळी काढणाऱ्या नणंदबाईंना यात समजावून सांगण्यासारखे काही उरले नव्हते. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, म्हणजे पावसाचे पाणी वरच्या पाकळीवरून निथळून जाते, हे त्यांनीच मला दाखवले.

आता सहलीच्या कमी सुंदर पण सर्वांत महत्त्वाच्या भागाविषयी. मोटारहोममध्ये स्वच्छ पाण्याची एक टाकी असते, धुण्या-विसळण्याच्या पाण्याची दुसरी आणि शौचालयाची तिसरी, जी बाहेरून ओढून काढता येते. ही तिसरी टाकी दर एक-दोन दिवसांनी ठरलेल्या जागीच रिकामी करायची असते. मी वाहनतळांवर लोकांना भांड्यांचे सांडपाणी रस्त्याच्या गटाराच्या जाळीत सोडताना पाहिले आहे. येथे अशा जाळ्यांतून जाणारे पाणी बरेचदा प्रक्रियेविना थेट ओढ्याला मिळते आणि त्याच ओढ्यावर पुढे गुरे पितात. शेतावर मैल्यासाठी सेप्टिक टाकी असेल, तर शौचालयात घालण्याच्या औषधाचीही चौकशी करावी, कारण फॉर्माल्डिहाइड असलेल्या निळ्या औषधाने त्या टाकीतील उपयुक्त जिवाणू मरतात; हिरव्या वेष्टनात मिळणारे सौम्य औषध वापरावे, अशी शेतकरी विनंती करतात. आपल्याकडील अनेकांना हे काम हलके वाटते आणि सहलीतील एखाद्यावर ते कायमचे ढकलले जाते. आमच्याकडे माझे यजमान आणि नणंदबाईंचे यजमान यांनी ते पाळीपाळीने केले.

भारतातून येणाऱ्यांसाठी काही गोष्टी नोंदवते. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची असल्याने भीती कमी वाटते आणि पर्यटकाला आपल्या भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत साधी मोटार चालवता येते. मात्र भाड्याने गाडी देणाऱ्यांच्या वयाच्या, अनुभवाच्या आणि विम्याच्या अटी निराळ्या असतात. त्या पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्याव्यात. मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि त्या वजनात माणसे, सामान व पाणी हे सर्व आले. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो, त्यामुळे तांदळाच्या आणि पिठाच्या मोठ्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. झोपण्याच्या जागा सहा असल्या तरी पट्ट्याची आसने चारच असू शकतात आणि प्रवासात पट्टा बांधूनच बसायचे असते. गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास असते, ती कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी, कारण अनेक वाहनतळांच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा असतो. गावात जायला बस बरी. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधील बहुतेक बसचे एका फेरीचे भाडे ३ पौंडांपेक्षा अधिक नाही. फोडणी देण्यापूर्वी छताची खिडकी उघडावी आणि धुराची सूचना देणारे यंत्र कधीही काढून ठेवू नये, कारण त्या लहानशा जागेत गॅस आणि अंथरुणे हाताच्या अंतरावर असतात. रात्री जूनमध्येही स्वेटर लागतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ही आनंदाची गोष्ट आहे. नणंदबाईंच्या यजमानांनी परतीच्या वाटेवर एक प्रश्न विचारला, तो मी आपल्यामार्फत पुढे करते. मोठे कॅरॅव्हॅन तळ उभे राहतील ते राहोत, पण ज्याच्याकडे विहीर, वीज आणि बांधालगत अर्धा एकर मोकळी जागा आहे, अशा शेतकऱ्याला पाच गाड्यांपुरती मुभा सोप्या अटींवर मिळू शकेल का? पाण्याचा नळ आणि मैल्याची नीट व्यवस्था या दोनच गोष्टींची सक्ती असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. संबंधित खात्याने याचा विचार करावा आणि आपल्या वार्ताहरांनी त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आणखी एक विनंती त्या वाक्याविषयी. इंग्लंडमधील बहुतेक शाळांची सुटी जुलैच्या अखेरीस सुरू होते आणि त्यानंतर या छोट्या तळांवर जागा मिळणे कठीण होते, म्हणून जूनमध्ये येऊ इच्छिणारी मराठी कुटुंबे हिवाळ्यातच आपले बेत ठरवतात. त्याआधी, पुरवणीत लेख ज्या पानावर आला होता त्याच पानावर, मुक्काम जागेच्या मालकाच्या परवानगीनेच करता येतो एवढी दुरुस्ती कृपया प्रसिद्ध करावी.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
लेस्टर, इंग्लंड